मीठ कमी करायचं, मग चवीचं काय? खारपाणपट्ट्यातल्या स्वयंपाकघरासाठी पोरियल



बीपीच्या पेशंटला आम्ही डॉक्टर एक वाक्य हमखास सांगतो: "मीठ कमी करा." पेशंट मान हलवतो, गोळ्या घेतो आणि घरी जातो. घरी गेल्यावर त्या वाक्याचं करायचं काय, हे मात्र कोणी सांगत नाही. मीठ कमी केलेली नेहमीची भाजी पानात येते, पहिल्या घासालाच ती अळणी लागते आणि मग शेजारी ठेचा येतो, लोणचं येतं, पापड येतो. भाजीतून वाचवलेलं मीठ अशा रीतीने दुप्पट होऊन पोटात जातं.

संग्रामपूरच्या एका आजीबाईंनी मला हे फार नेमक्या शब्दांत सुनावलं होतं. "डाक्टरसाहेब, मीठ बंद करा म्हंता, मंग खायचं काय थे बी सांगा ना!" त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून आजचा लेख औषधांवर नाही, एका भाजीवर आहे. तिचं नाव पोरियल. दक्षिणेकडची ही साधी, कोरडी, परतलेली भाजी. मी ती स्वतः घरी करतो, आठवड्यातून दोन-तीन वेळा खातो आणि बऱ्याच पेशंटना चिठ्ठीमागे लिहून देतो.

आपल्या भागात मिठाचा प्रश्न जास्त का?

आपला संग्रामपूर तालुका कसा वसलाय, तुम्हाला माहीतच आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा नदी. डोंगराच्या पायथ्याची गावं सोडून जसजसं पूर्णेकडे जावं तसतसं विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट होत जातं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हा खारपाणपट्टा. वान प्रकल्पाचं पाणी १४० गाव योजनेतून आलं तेव्हा बायाबापड्यांच्या डोक्यावरचा हंडा आणि जिभेवरचा खारटपणा, दोन्हींचा भार थोडा उतरला. तरी नळ चार दिवस आला नाही की पुन्हा बोअर आहेच. पिण्यासाठी जार विकत आणला, तरी स्वयंपाकाला बोअरचंच पाणी वापरणारी घरं मी पाहतो.

पाण्यात विरघळलेले एकूण क्षार किती, हे टीडीएस या आकड्यात मोजतात. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात हा आकडा लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा चांगला स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. हे सगळे क्षार म्हणजे मीठ नव्हे, त्यात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं. पण जे पाणी जिभेला खारट लागतं, त्यात सोडियम आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. अशा पाण्यात वरण शिजवलं, रस्सा उकळला, तर मिठाच्या डब्याला हात लावण्याआधीच थोडं सोडियम भांड्यात आलेलं असतं.

त्यात आणखी एक भर. जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून चिमूट-चिमूट करत खायचा सोडा पडतो. सोडा खारट लागत नाही, त्यामुळे त्याचा हिशेब कोणी धरत नाही. पण एका सपाट चहाच्या चमच्याएवढ्या सोड्यात साधारण १२०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे तेवढ्याच मिठाच्या निम्म्याहून जास्त. पापडखाराचीही तीच जात.

जास्त मीठ शरीरात काय करतं?

सोडियम पाणी धरून ठेवतं. रक्तात सोडियम वाढलं की पाणी वाढतं, पाणी वाढलं की नळ्यांमधला दाब वाढतो. हा दाब वर्षानुवर्षं मूत्रपिंडातल्या केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांवर पडत राहतो आणि त्या हळूहळू निकामी होतात. मूत्रपिंड दुबळं झालं की जास्तीचं सोडियम बाहेर टाकता येत नाही, म्हणून बीपी आणखी वाढतं. वाढलेलं बीपी मूत्रपिंडाला आणखी खातं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणं अवघड जातं आणि ते फिरत असताना दुखत काहीच नाही.

आपल्या पट्ट्यातल्या किडनीच्या आजारांबद्दल तुम्ही वर्षानुवर्षं ऐकताय, वर्तमानपत्रात वाचताय. सगळा दोष पाण्यावर टाकणं बरोबर नाही. बीपी, साखर, कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या गोळ्या, उन्हातान्हात तासन्‌तास पाण्यावाचून केलेलं काम, हे सगळे त्यात वाटेकरी आहेत. पण या यादीतली एक गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या चमच्यात आहे. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन दिवस, दर वेळी चार-चार तास मशीनला बांधून घेणं. त्याशिवाय गावातून शहरात जाण्यायेण्याचा वेळ, गाडीभाडं आणि सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी. ज्या घरात हे चालू आहे, त्यांना मी काय सांगतोय ते लगेच कळेल.

घरातलं मीठ मोजायची सोपी युक्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही पुरता भरलेला नाही. आता घरी कोण वजनकाटा घेऊन बसणार? त्यापेक्षा असं करा. मिठाचा १ किलोचा पुडा फोडाल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. चार मोठ्या माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे पुडा ५० दिवस पुरायला हवा. पाच जण असतील तर ४० दिवस. तुमचा पुडा २५ दिवसांतच संपत असेल, तर चौघांपैकी प्रत्येक जण दिवसाला १० ग्रॅम मीठ खातोय. शिवाय बाहेरचा चिवडा, शेव, विकतचे पापड आणि फरसाण यांचं मीठ या हिशेबात धरलेलंच नाही.

पोरियलच का?

'पोरियल' हा तमिळ शब्द. कन्नडमध्ये अशाच भाजीला पल्य म्हणतात, केरळात तोरन. नाव परकं वाटलं तरी साहित्य आपल्याच डब्यातलं आहे: मोहरी, उडदाची डाळ, हिंग, कढीपत्ता, लाल मिरची, खोबरं. गंमत म्हणजे दक्षिणेकडचं सांबार आपल्या लोकांना हॉटेलमुळे माहीत आहे आणि आपल्याकडे 'सांभार' म्हटलं की कोथिंबीर समोर येते! शब्दांची अशी देवाणघेवाण जुनीच असणार. तंजावरला १८५५ पर्यंत मराठ्यांचं राज्य होतं. तिथल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात मराठीत पाकशास्त्राचा ग्रंथ लिहिला गेला आणि त्याच राजाने धन्वंतरी महालात औषधांवर काम करून घेतलं. रसोडा आणि दवाखाना हे एकमेकांचे शेजारी आहेत, हे त्यांना कळलेलं असावं.

मला ही भाजी शिकवली ती माझ्या हॉस्टेलमधल्या एका तमिळ मित्राने. ड्युटीवरून रात्री उशिरा आलो की तो एका शेगडीवर पंधरा मिनिटांत कोबी परतायचा. त्याचा हात पाहून मला जे कळलं ते आज डॉक्टर म्हणून तुम्हाला सांगतो.

एक, ही भाजी पाण्यात शिजत नाही, स्वतःच्या वाफेवर शिजते. त्यामुळे बोअरचं खारट पाणी भाजीत जातच नाही, आणि पाण्यात विरघळून जाणारी जीवनसत्त्वंही फारशी वाया जात नाहीत.

दोन, चवीची जबाबदारी एकट्या मिठावर नसते. उडदाच्या डाळीचा खमंगपणा, कढीपत्त्याचा वास, खोबऱ्याचा गोडवा आणि शेवटी लिंबाचा थेंब असे चार जण ती उचलतात. जिभेला एवढं काम मिळालं की तिला मिठाची आठवण कमी येते.

तीन, रस्सा नाही, तर्री नाही, त्यामुळे तेल कमी लागतं.

साहित्य (चार जणांसाठी)

भाजी अर्धा किलो: पत्ताकोबी, बरबटीच्या शेंगा, गवार, बीन्स, गाजर, दोडकं, जे मिळेल ते.
फल्लीचं तेल चहाचे २ चमचे (साधारण १० मिली).
मोहरी अर्धा चमचा, उडदाची डाळ १ चमचा.
सुक्या लाल मिरच्या २, कढीपत्त्याची १०-१२ पानं, चिमूटभर हिंग, चिमूटभर हळद.
ओलं खोबरं खवून ४ मोठे चमचे.
मीठ चहाचा अर्धा सपाट चमचा. पाव लिंबू. थोडा सांभार.

कृती

१. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की सत्त्व पाण्यात जातं. शेंगा अगदी बारीक, नखाएवढ्या चिरा. कोबीही बारीक. बारीक चिरलेली भाजी वाफेवर लवकर शिजते, या भाजीचं अर्धं यश विळीवरच आहे.

२. जाड बुडाच्या कढईत तेल तापवा. मोहरी तडतडली की उडदाची डाळ घाला आणि आच मंद करा. डाळ बदामी रंगावर आली पाहिजे. पांढरी राहिली तर दाताखाली कचकचते, काळी झाली तर कडू होते. इथे अर्धा मिनिट कढईसमोरून हलू नका.

३. मिरच्या तोडून घाला, मग हिंग, कढीपत्ता, हळद. लगेच भाजी टाका. मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता.

४. पाण्याचा फक्त हबका मारा, दोन-तीन मोठे चमचे. हे पाणी नळाचं किंवा जारचं गोडं घ्या. झाकण ठेवा. कोबीला ५-६ मिनिटं पुरतात. शेंगांना ८-१०, गवारीला थोडी जास्त. मध्ये एकदा हलवा.

५. भाजी शिजली, पण दाताखाली किंचित कुरकुरीत राहिली की झाकण काढा. पाणी आटवा. आता मीठ घाला, खोबरं घाला, एक मिनिट परता, उतरवा. वरून लिंबू आणि सांभार.

मीठ शेवटी का? सुरुवातीला घातलेलं मीठ भाजीच्या पोटात मुरतं. शेवटी घातलेलं भाजीच्या अंगावर राहतं आणि थेट जिभेला लागतं. तेवढ्याच खारटपणासाठी कमी मीठ पुरतं. या प्रमाणात चौघांत मिळून साधारण ३ ग्रॅम मीठ पडतं, म्हणजे माणशी पाऊण ग्रॅम. दिवसाच्या पाच ग्रॅममध्ये ते सहज बसतं.

"पण नारळ रोज कुठून आणायचा?"

आपल्याकडे नारळ फुटतो तो बहुतेक देवासमोर. प्रसाद वाटून उरलेला तुकडा खवून फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवस पुरतो. ओलं नसेल तर सुकं खोबरं किसून घ्या, पण निम्मंच, कारण पाणी उडालेलं असल्याने त्यात तेलाचं प्रमाण ओल्याच्या जवळपास दुप्पट असतं. तेही नसेल तर भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट दोन चमचे. दक्षिणेतला माणूस त्याला पोरियल म्हणेल की नाही ठाऊक नाही, पण तुमचं बीपी तक्रार करणार नाही. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर खोबरं दोन चमच्यांवर आणा, कारण त्यातली चरबी बहुतांश संपृक्त असते.

कोणी काय लक्षात ठेवावं?

बीपी असेल तर: भाजी बदलली आणि ताटात पापड-लोणचं-ठेचा तसाच राहिला, तर उपयोग शून्य. ठेचा सोडवत नसेल तर बिनमिठाचा करून त्यात लिंबू पिळा. आणि गोळी चालूच ठेवा. भाजी ही गोळीची सोबतीण आहे, सवत नव्हे. बीपी चांगलं आलं म्हणून मनाने गोळी बंद करणारे पेशंट मला नेहमी पुढच्या भेटीत जास्त आजारी होऊन भेटतात.

साखर असेल तर: अर्धं ताट भाजीचं असू द्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. आपल्याकडे भाकरी तीन आणि भाजी वाटीभर, असा उलटा हिशेब असतो. रस्सा नसल्यामुळे पोरियल नुसतंही खाता येतं. जेवणाची सुरुवात त्याच्या चार घासांनी करा, भाकरी आपोआप एक कमी लागेल.

किडनीचा आजार असेल तर: हा भाग दोनदा वाचा. मूत्रपिंड दुबळं झालं की रक्तात पोटॅशियम साठू शकतं आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेततं. पोटॅशियम भाज्यांमध्ये असतं. तुमच्या डॉक्टरांनी पोटॅशियम जपायला सांगितलं असेल, तर भाजी बारीक चिरून भरपूर गोड्या पाण्यात उकळा, ते पाणी फेकून द्या आणि मग फोडणीत परता. बाकीच्यांना जे पाणी फेकू नका म्हणतो, तेच तुम्ही फेकायचं आहे. दुधी, दोडकं, पत्ताकोबी त्यातल्या त्यात बऱ्या. पालक, शेवग्याची पानं, बटाटा, रताळं विचारल्याशिवाय नको. खोबऱ्याचा एखादा चमचा चालतो का, हे तुमचा रिपोर्ट पाहून ठरतं. नारळ फोडल्यावर निघालेलं पाणी मात्र नातवाला द्या, तुम्ही पिऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

"लो सोडियम" मिठाबद्दल: दुकानात कमी सोडियमचं म्हणून महाग मीठ मिळतं. त्यात काढून घेतलेल्या सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम घातलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाच्या वापराची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना, गर्भवतींना आणि मुलांना त्यातून वगळलं. आपल्या भागात कित्येकांना किडनी अशक्त झाल्याचं ठाऊकच नसतं. शिवाय टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकतं. म्हणून क्रिएटिनिनची तपासणी केल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका.

आणि शेंदेलोण? उपवासाचं म्हणून ते निर्धोक, असा समज आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी असला तरी बीपीला तो दिसत नाही.

घरच्यांची समजूत कशी घालायची?

खरी अडचण इथे आहे. बीपी एकाला आणि जेवणारे पाच. वेगळी भाजी करायची तर कष्ट बाईवर, आणि वेगळी केली की पेशंटला आपण आजारी असल्याचं रोज दोन वेळा ताटात दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या एका शेतकऱ्याने तर अळणी भाजीवरून घरात अबोला धरला होता. त्याची बायको मला म्हणाली, "सर, मी तुमचं आयकू का यायचं?" तिला मी पोरियल लिहून दिलं आणि एकच सांगितलं, त्याच्यासाठी म्हणून करू नका, सगळ्यांसाठी करा, आणि मीठ कमी आहे हे कोणालाही सांगू नका.

पुढच्या महिन्यात बीपी थोडं उतरलेलं होतं. त्यात गोळीचा वाटा किती आणि भाजीचा किती, हे मी सांगू शकत नाही, गोळीही आता तो रोज घेत होता. पण घरातला अबोला संपला होता आणि पोरं डब्यात तीच भाजी मागत होती. त्या पोरांचं मला जास्त वाटतं. ज्यांची जीभ आज कमी मिठाला सवकेल, त्यांना पुढे चाळिशीत माझ्यासमोर बसावं लागण्याची शक्यता कमी होईल.

एकदम मीठ तोडू नका. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत जा. जिभेला नवी सवय लागायला तीन-चार आठवडे लागतात. त्यानंतर लग्नातली भाजी तुम्हालाच खारट लागायला लागेल, आणि तेव्हा समजा की जमलं.

थोडक्यात

• मिठाचा पुडा किती दिवस पुरतो ते मोजा.
• स्वयंपाकाला खारट बोअरचं पाणी टाळा, शक्य नसेल तेव्हा रश्श्याऐवजी वाफेवरची कोरडी भाजी करा.
• सोडा, पापड, लोणचं हेही मीठच समजा.
• चाळिशीनंतर वर्षातून एकदा बीपी, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासा. बीपी किंवा साखर आधीच असेल तर वयाची वाट पाहू नका.
• अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचे रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना माहीत असतात, तेव्हा पथ्य त्यांना विचारूनच ठरवा. आज बाजारातून बरबटीच्या शेंगा मिळाल्या तर अर्धा किलो घेऊन या. उडदाची डाळ घरात असेलच.